मुंबईत नाश्त्याला कुठे, यापेक्षा किती वाजता

गेली अकरा वर्षं परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. महिन्याला आठ-दहा नाइट ठरलेल्या, रात्री दहा ते सकाळी सहा, आणि राहायला डोंबिवलीला. रात्रभर रक्ताच्या ट्यूबा आणि मशीनचा आवाज यात काढून सहाला बाहेर पडलं की जी भूक लागते ना ती दुपारच्या भुकेसारखी नसते, तिला गरमच लागतं आणि लगेच लागतं. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, बायकोची तेव्हा डब्याची गडबड, मुलीचा क्लास, त्यात मी जाऊन पोहे कर म्हणणं बरं नाही. म्हणून वाटेत खायची सवय लागली आणि आता इतकी वर्षं झाली की ओळखीतले लोक मलाच विचारतात, मुंबईत नाश्त्याला चांगलं कुठे मिळतं रे. मी प्रत्येकाला एकच विचारतो, किती वाजता जाणार ते सांग आधी.

कारण खरं सांगतो, नावाजलेल्या ठिकाणी जाऊन निराश होऊन आलेले जे लोक असतात त्यातले निम्मे चुकीच्या वेळी गेलेले असतात. हॉटेल तेच, आचारी तोच, पण सकाळी साडेसहाची इडली आणि अकराची इडली या दोन वेगळ्या इडल्या आहेत. हे मला शिकवलं आमच्या वॉर्डातल्या मामांनी. (हॉस्पिटलात काम केलेल्यांना माहीत असेल, वॉर्डबॉयना सगळे मामाच म्हणतात आणि आयाबाईंना मावशी.) मूळचे कणकवलीकडचे, वडील लालबागला गिरणीत होते, लहानपण सगळं चाळीत गेलेलं. 1982 च्या संपानंतर वडील गावी गेले आणि मामा इथेच राहिले. मी नवीन लागलो तेव्हा पहिल्या नाइटनंतर तेच मला घेऊन माटुंग्याला उतरले होते. मी भिंतीवरचा बोर्ड वाचायला लागलो तर म्हणाले, "बोर्ड काय वाचतोयस, वेटरच्या हातात बघ. जे आत्ता सारखं जातंय ते मागव." एवढंच. या एका वाक्यावर मी अकरा वर्षं चांगलं खातोय.

तर सुरुवात माटुंग्यापासूनच करतो कारण माझ्या मते मुंबईत सकाळी सातच्या आत कुठे जायचं असेल तर दुसरा पर्याय शोधायचं कारणच नाही. परळहून स्लो लोकल पकडली की दादर, मग माटुंगा, दोनच स्टेशनं. पूर्वेला उतरायचं. बाहेर आलात की फुलवाल्यांची लगबग चालू असते, गजरे ओवणं चाललेलं, केळीच्या पानांचे भारे, मोगऱ्याचा वास, रात्रभर स्पिरिटचा वास घेतलेल्या माणसाला तो वास म्हणजे काय आहे हे मी शब्दांत सांगू शकत नाही. हा सगळा भाग तसा आखून वसवलेला आहे, 1896 च्या प्लेगनंतर सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि दाटीच्या मुंबईबाहेर दादर-माटुंगा-सायनच्या योजना केल्या त्यातलं हे माटुंगा, म्हणून रस्ते रुंद आणि झाडं एवढी. पुढे नोकरीसाठी आलेली दक्षिणेकडची मंडळी इथे राहायला लागली, त्यांची देवळं आली, शाळा आल्या आणि त्यांना जेवायला घालणारे उडुपीकडचे लोक आले. ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं, ते जेवणासाठी, नाश्त्याला नाही, पण माटुंग्याचं हॉटेल म्हणजे काय हे समजायला एकदा तिथे केळीच्या पानावर जेवून या.

नाश्त्याला स्टेशनच्या जवळ रामाश्रय. 1939 पासूनचं आहे आणि पहाटे पाचला उघडतं, म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच उघडतं असं मला वाटतं. सहा-साडेसहाला तिथे कोण असतं बघा, पाच उद्यानाला फेरी मारून आलेले म्हातारे, देवळातून येणाऱ्या ओल्या केसांच्या बायका, पेपर टाकून झालेली पोरं, नाइट संपलेले सिक्युरिटीवाले आणि टॅक्सीवाले. एकेका टेबलाला अनोळखी माणसं समोरासमोर बसतात, कोणी कोणाला काही विचारत नाही, सांबार पुढे सरकवतात फक्त. पदार्थांची नावं बोर्डावर, मेनूकार्डाची वाट बघत बसायचं काम नाही.

या वेळेला इडलीच घ्यायची. पीठ आदल्या संध्याकाळी वाटून रात्रभर आंबलेलं असतं आणि पहाटेचे पहिले घाणे त्या पिठाचे असतात, तेव्हा आंबटपणा जेमतेम, इडली बोटाने दाबली की परत वर येते. जसजसा दिवस वर चढतो तसं पीठ आंबत जातं, मुंबईची हवाच तशी, मे महिन्यात तर दहा-अकराला फरक जिभेला स्पष्ट कळतो. डोसा मात्र या वेळी मागवू नका. तवा म्हणजे भली मोठी लोखंडी प्लेट असते, ती सगळीकडे सारखी तापायला आणि तेल-पाणी मारून मारून गुळगुळीत व्हायला वेळ लागतो, पहिले डोसे कुठे पांढरे कुठे करपलेले असे होतात. साडेसातनंतर डोसा. तोपर्यंत इडली, उपमा आणि शिरा. शिऱ्याबद्दल एवढंच सांगतो की इथला अननसाचा शिरा मी गोड न खाणाऱ्या माणसांना खाताना बघितलंय. उपमा आणि शिरा दोन्ही मागवून एक घास याचा एक त्याचा असं खायचं, आमच्या मामांची हीच पद्धत, आणि ते पहिला घास शिऱ्याचा घ्यायचे, का तर म्हणे रात्र संपली त्याचा प्रसाद.

कॉफीचंही तसंच आहे. फिल्टरमधून पहिल्यांदा उतरतं ते डिकॉक्शन दाट असतं, त्याच भुकटीवर परत पाणी ओतून काढलेलं पातळ. सकाळी लवकर गेलात तर पहिल्याची शक्यता जास्त, साधा हिशोब आहे. वाटी आणि टंबलर दोन्ही तापलेले असतात, वाटीत ओतून घ्यायची, फेस येऊ द्यायचा, आणि साखर जास्त वाटत असेल तर सुरुवातीलाच कमी साखर सांगायचं. कॉफीत चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड असते त्यामुळे घरच्या इन्स्टंटची सवय असलेल्यांना पहिल्या घोटाला कडू वाटते पण तिसऱ्या घोटाला तुम्ही त्याच चवीसाठी परत येणार.

साडेसात-आठला जायचं असेल तर थोडं चालून किंग्ज सर्कलला जा, कॅफे मद्रास. हे 1940 चं. आता महेश्वरी उद्यान म्हणतात त्या बागेपासून जवळ. इथे डोसा. साधा मसाला डोसा कुठेही मिळतो, इथे नाचणीचा डोसा घ्या. मला सुरुवातीला वाटायचं नाचणी म्हणजे आजारी माणसाचं खाणं, आमच्याकडे लहान मुलांना सत्त्व देतात, पण तव्यावर पातळ पसरून कडा कुरकुरीत झालेला तो गडद रंगाचा डोसा आणि पांढरी चटणी, पहिल्यांदा खाल्ल्यावर मी आईला फोन करून सांगितलं होतं. पेसरट्टू म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, तोही चांगला, पोटाला आधार देतो. रसम वडा पावसाळ्यात. बाहेर धो धो पाऊस, छत्रीतून पाणी गळतंय, आणि समोर वाटीत गरम रसममध्ये बुडालेला वडा, मिरीचा झटका नाकापर्यंत जातो, सर्दी असेल तर औषधच. बटर इडलीवर पोडी, म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी, भुरभुरवून देतात ती मुलीची आवडती.

फक्त एक, शनिवार-रविवारी आठनंतर माटुंग्यात कुठल्याही नावाजलेल्या हॉटेलात जायचा विचार करू नका. बाहेर नावं लिहून घेतात आणि लोक फुटपाथवर उभे राहतात. त्यात हॉटेलचा दोष काही नाही, जागा तेवढीच आणि माणसं तेवढी. पण आत बसल्यावर मागे कोणीतरी आपल्या खुर्चीकडे बघत उभं आहे ही भावना घेऊन खाणं मला जमत नाही. मंगळवार-बुधवारी सात वाजता जा, तीच कॉफी पंधरा मिनिटं घेऊन बसा, कोणी उठवणार नाही.

आता दादर. हँडओव्हरला उशीर झाला, एखादा सँपल परत लावावा लागला, किंवा सकाळची माणसं लोकलमुळे अडकली की मला सुटायला आठ वाजतात, तेव्हा मी दादरला उतरून पश्चिमेला जातो. कारण मराठी नाश्त्याची वेळच मुळात उशिराची आहे. साबुदाणा रात्री भिजवलेला असतो तो सकाळी मोकळा करून, बटाटे उकडून, दाण्याचं कूट घालून वडे थापेपर्यंत वेळ जातो. मिसळीचं तर विचारूच नका. रस्सा उकळायला ठेवल्या ठेवल्या जो मिळतो तो पातळ लागतो, मसाला आणि पाणी वेगळं वेगळं कळतं, तास-दीड तास मंद आचेवर राहिला की मग वर तर्री जमते आणि खालचा रस्सा अंगाचा होतो. म्हणून मिसळ नऊच्या आत खाऊच नये असं माझं मत आहे, आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

सेनाभवनासमोर गडकरी चौकात आस्वाद. 1986 पासून. यांच्या मिसळीला 2015 साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांमध्ये जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं, तेव्हा सगळ्या पेपरात आलं होतं आणि नंतर कित्येक दिवस तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मला आनंद झालाच, आपल्या दादरची मिसळ लंडनपर्यंत पोचली म्हणून, पण खरं विचाराल तर मी आस्वादला मिसळीपेक्षा थालीपीठ जास्त वेळा खातो. भाजणीचं, मध्ये भोकं पाडून तेल सोडलेलं, वर लोण्याचा गोळा. लोणी वितळायच्या आत पहिला तुकडा तोडायचा आणि उरलेल्यावर लोणी पसरू द्यायचं. मिसळ इथली जाळ नाही, मध्यम तिखट, गोडसर अंगाची, ज्यांना कोल्हापुरी हवी त्यांना ती मिळमिळीत वाटेल. पण दादरची मिसळ अशीच असते आणि ती तशीच असावी. आजी-नातू एका ताटातून खाऊ शकतात अशी मिसळ करणं सोपं नाही, तिखट घालून सगळं लपवता येतं, इथे मटकी कच्ची राहिली तर लगेच कळेल.

गोखले रोडवरचं प्रकाश मात्र साबुदाणा वड्यासाठी. बायकोचा चतुर्थीचा उपास असला की पार्सल इथूनच. वडा बाहेरून कडक, आत मऊ आणि साबुदाण्याचा दाणा दाताला लागतो पण चिकट होत नाही, यात बटाट्याचं प्रमाण सगळं आहे, जास्त झाला की पिठूळ, कमी झाला की वडा तेलात फुटतो. बरोबर पियुष घ्यायचं. पियुष ज्यांनी प्यायलं नाही त्यांच्यासाठी, श्रीखंडाच्या चवीचं, जायफळ-केशराचा वास, पातळ पण तरी दाट, आणि गरम वड्यावर थंड पियुष. मी एकच ग्लास पितो आणि ट्रेनमध्ये झोपतो. एकदा कल्याणला जाग आली होती.

इथेच एक वाईट अनुभवही लिहायचाय, कारण सगळीकडे चांगलंच मिळतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दादरलाच एका दुसऱ्या ठिकाणी, नाव लिहीत नाही, सासू-सासरे गावाहून आले होते म्हणून त्यांना घेऊन गेलो, सकाळी अकराला. सासूबाईंना एकादशी. साबुदाणा वडे आले ते बाहेरून जास्तच काळपट आणि आतून कोमट, म्हणजे सकाळी तळून ठेवलेले परत तेलात सोडलेले. दोनदा तळलेला वडा ओळखायला काही लागत नाही, तोडला की तेल बोटाला लागतं. मी वेटरला सांगितलं तर त्याने मान खाली घातली, त्याचा काय दोष, गल्ल्यावर सांगितलं तर उत्तर आलं की गर्दीत असंच असतं. सासूबाई काही न बोलता खात होत्या, त्या दिवशी उपासाचं दुसरं काही त्या खाणार नव्हत्या. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. उपासाचा पदार्थ करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवायला पाहिजे की समोरचा माणूस दिवसभरात कदाचित हेच एक खाणार आहे. तेव्हापासून मी कुठेही वडा सांगताना विचारतो, आत्ता तळताय का, आणि वेटर जर एक सेकंद थांबला तर थालीपीठ सांगतो.

सुट्टीच्या दिवशी मात्र उलटी गाडी पकडतो आणि धोबीतलावला जातो. मेट्रो सिनेमाजवळ जेर महाल इमारतीत कयानी हे इराणी हॉटेल. 1904 चं, म्हणजे समोरचा मेट्रो सिनेमा 1938 साली उघडला तेव्हा कयानी चौतीस वर्षं जुनं होतं. उंच छत, लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. इराणी हॉटेलं काढणारी ही माणसं म्हणजे इराणातल्या यझ्द आणि केरमानकडून आलेले झरथुष्ट्री, आपल्याकडे आधीपासून असलेल्या पारशांनंतर खूप शतकांनी आलेले. मुंबईत यांची हॉटेलं जास्त करून नाक्यावर, कोपऱ्यावर असायची, कोपऱ्याची जागा बाकीचे व्यापारी अशुभ मानायचे म्हणून यांना स्वस्तात मिळाली असं जुने लोक सांगतात. मामांच्या लालबागमध्येही नाक्यावर इराणी होता, गिरणीची पाळी सुटली की कामगार तिथे ब्रून पाव आणि चहा घ्यायचे, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. आमच्यासारख्या पाळीवाल्यांसाठी इतक्या सकाळी उघडी असलेली ही हॉटेलं कमी होत गेली याचं कारणही मला तेच वाटतं, गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, मग पहाटे कोणासाठी उघडायचं.

इथे वेळेचा हिशोब पावावर. बेकरीतून पाव पहाटे येतो आणि परत दुपारी. ब्रून म्हणजे वरून कडक कवच असलेला पाव, तो आल्यापासून दोन-तीन तासात खाल्ला तर कवच कुरकुरीत आणि आत मऊ, नंतर आपल्या दमट हवेत ते कवच चामड्यासारखं होतं, चावता चावता जबडा दुखतो. म्हणून आठच्या आसपास जायचं. ब्रून मस्का चहात बुडवताना घाई नको, कडा भिजायला वेळ लागतो, बन मस्का मात्र बुडवला की लगेच तोंडात, नाहीतर अर्धा कपात. चहा पानी कम सांगायचा, दाट आणि गोड, घरी असा होत नाही, मी करून बघितलाय. पोट भरायचं असेल तर अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी, पण आपल्या भुर्जीसारखी सुकी नाही, जरा ओलसरच ठेवतात, टोस्टवर घालून. ओलसर आहे म्हणून परत पाठवू नका, ती तशीच असते. मावा केक घरी न्यायला.

पावाचा विषय निघाला म्हणून सांगतो, जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, हवेच्या प्रदूषणामुळे. मी हॉस्पिटलात आहे, थंडीत छातीचे पेशंट किती वाढतात ते रोज बघतो, त्यामुळे धूर कमी व्हायलाच पाहिजे यात मला दुसरं मत नाही. पण भट्टीच्या विटा जी उष्णता धरून ठेवतात त्यात भाजलेल्या ब्रूनचं कवच, आणि भट्टी बदलायचा खर्च छोट्या बेकरीवाल्याला झेपेल का, ही काळजी वाटते. नवीन ओव्हनमध्येही चांगला ब्रून होऊ शकत असेल, कारागीर तेच आहेत. फक्त त्यांना मदत मिळाली पाहिजे, कर्ज म्हणा अनुदान म्हणा, कारण एक बेकरी बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेली दहा हॉटेलं, वडापावच्या गाड्या आणि सायकलवरचे पाववाले सगळे अडचणीत येतात.

मांसाहारी नाश्ता हवा असेल त्यांनी कुलाबा कॉजवेवर ऑलिंपिया कॉफी हाउसला जा, 1918 चं, सकाळी खिमा पाव. मी दोनदाच गेलोय, लांब पडतं, पण दोन्ही वेळा सकाळी लवकर गेलो आणि दोन्ही वेळा खिमा असा होता की पावाने वाटी पुसून खाल्ली. वर माळ्यावर बसायला मिळालं तर बघा, खालची सगळी लगबग दिसते.

गिरगावात विनय हेल्थ होमची मिसळ, तिथे मामांचा मेव्हणा राहायचा त्यामुळे बऱ्याचदा जाणं झालं. दादरपेक्षा जरा तिखट, गिरगावच्या चाळीतल्या घरी होते तशी. अजून जास्त काही लिहीत नाही, जाऊन खा.

आणि परतीच्या वाटेवर ठाणे. नाइट झाली, परळलाच चहा-बिस्किटं घेऊन अर्धा तास बाकावर डोळा लागला आणि नऊ वाजले असे दिवस येतात, तेव्हा थेट ठाण्याला उतरतो, मामलेदार मिसळ. 1946 पासून, मामलेदार कचेरीपाशी म्हणून हे नाव. कमी, मध्यम आणि तिखट असे प्रकार आहेत, पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्यम घ्यावी आणि ज्याला तिखटाचा अभिमान आहे त्यानेही मध्यमच घ्यावी. इथे थाटमाट काही नाही, बसा, खा, पैसे द्या, उठा, पण रस्सा दिवसभर हलत असतो, ताजा असतो, आणि खप असला की शिळं राहत नाही. स्वच्छतेचं बोलायचं तर मी लॅबवाला माणूस, माझी पहिली नजर पाण्याच्या ग्लासावर आणि टेबल पुसायच्या फडक्यावर जाते. जिथे एकाच फडक्याने टेबल आणि ताट दोन्ही पुसतात तिथे मी चहाही घेत नाही, हॉटेल कितीही जुनं असो. वर जी नावं लिहिली तिथे मी इतकी वर्षं खाऊन एकदाही आजारी पडलो नाही.

पैशाचं विचाराल तर माटुंग्यात दोघांनी इडली, डोसा, शिरा, कॉफी असं पोटभर खाल्लं तरी मॉलमधल्या एका कॉफीच्या आसपासच जातं. आस्वादला थोडं जास्त. सुट्टे आणि यूपीआय दोन्ही ठेवा, पहाटे गल्ल्यावर सुट्ट्याची अडचण असते. वेटरना टीप ठेवत जा, पहाटे पाचला हॉटेल उघडतं म्हणजे ती माणसं चारला उठलेली असतात, बरीचशी गाव सोडून आलेली, तिथेच माळ्यावर झोपणारी. रामाश्रयचे एक अण्णा मी बसलो की न सांगता दोन इडल्या आणतात, चटणी जास्त. मी नाइटवरून येतो हे त्यांनी माझ्या बॅगेतल्या एप्रनवरून ओळखलं होतं.

मामा दीड वर्षापूर्वी रिटायर झाले, आता कणकवलीला असतात, गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामासाठी आले होते. माझी नाइट होती, ते पहाटे येऊन परळ स्टेशनवर उभे. माटुंग्याला गेलो. डॉक्टरांनी साखर बंद केलीय त्यांची, त्यामुळे शिरा मी एकट्याने मागवला आणि त्यांनी त्यातला एकच घास घेतला, सगळ्यात आधी, उपम्याच्या अगोदर. मग म्हणाले वेटरच्या हातात काय आहे बघ. बघितलं तर घावनासारखे पांढरे डोसे चालले होते, इतक्या वर्षांत मी ते कधी मागवलेच नव्हते. आम्ही दोन घेतले. बिल द्यायला मी खिशात हात घालेपर्यंत ते गल्ल्यावर पोचले होते.

घरी पार्सल न्यायचं असेल तर डोसा नेऊ नका, ट्रेनमध्ये वाफेने मऊ पडतो. इडली न्या, पोडी वेगळी बांधून घ्या, आणि नारळाची चटणी उन्हाळ्यात कल्याण-डोंबिवलीपर्यंत टिकत नाही, ती घरी करा.